इंग्लंडमध्ये घराची वाढ आणि झाडाची छाटणी यांसाठी कौन्सिलचा निर्णय किती दिवसांत येतो?

संवर्धन क्षेत्रातील (ऐतिहासिक किंवा वास्तूंचे वैशिष्ट्य जपण्यासाठी कौन्सिलने, म्हणजे स्थानिक प्रशासनाने, ठरवलेल्या भागातील) घरामागे खोली वाढवणे आणि पुढच्या अंगणातील जुने झाड छाटणे, ही आपण विचारलेली दोन्ही कामे वेगवेगळ्या प्रक्रियेत येतात. बांधकामाच्या अर्जावर साधारणतः 8 आठवड्यांत निर्णय अपेक्षित असतो. झाडाच्या बाबतीत, जमिनीपासून 1.5 मीटर उंचीवर खोडाचा व्यास 75 मिलिमीटरपेक्षा अधिक असल्यास 6 आठवडे आधी कौन्सिलला विनाशुल्क लेखी सूचना द्यावी लागते. ही सूचना कौन्सिल नाकारू शकत नाही, तर झाड वाचवायचे असल्यास तिला संरक्षण आदेशच काढावा लागतो, आणि ही तरतूद मला अत्यंत योग्य वाटते. असा आदेश आधीपासून लागू असेल, तर परवानगीविना केलेली छाटणी सहसा गुन्हा ठरते, म्हणून सर्वप्रथम तेवढी खात्री कौन्सिलकडून अवश्य करून घ्यावी.