मुलाला सार्वजनिक स्वच्छतागृहात एकटं कितव्या वर्षापासून पाठवावं?

तुमचा प्रश्न वाचला आणि पाच-सहा वर्षांपूर्वीचे माझे दिवस आठवले. मुलगा साडेसात वर्षांचा, नवरा बाहेरगावी नोकरीला, त्यामुळे सगळा प्रवास तुम्ही दोघं मायलेकच करता. बायकांच्या बाजूला नेलं तर बायका बोलतात, हल्ली तोही लाजतो. आणि पुरुषांच्या बाजूला एकट्याला पाठवायचं म्हटलं की तुमचा जीव खालीवर होतो. आता मे महिन्यात दोघांनाच लांबचा प्रवास करायचा आहे.

तुम्ही वय विचारलंय म्हणून आधी वयाचंच सांगते. सहाच्या आत कुणी काहीही बोललं तरी मुलगा आपल्याबरोबरच. सहा ते आठ या दोन वर्षांत जागा बघून ठरवायचं. आठ पूर्ण झाली की आपण दाराशी उभं राहून बहुतेक ठिकाणी त्याला एकट्याला जाऊ द्यावं. हे माझं मत आहे, नियम नाही. पण वयाआधी मी एक गोष्ट बघते, ती म्हणजे त्याला कडी उघडता येते का.

माझं माहेर कराडचं, आम्ही राहतो पुण्यात. थोरला साडेसहा वर्षांचा असताना मी त्याला आणि कडेवरच्या मुलीला घेऊन एसटीने निघाले होते. वाटेत एका मोठ्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. बायकांच्या बाजूला रांग होती. मी लेकाला घेऊन उभी राहिले तर पुढच्या बाई म्हणाल्या, "अहो, एवढा मोठा झालाय, त्याला इकडे कशाला आणता?" मला इतकी लाज वाटली की मी काही विचार न करता त्याला म्हटलं, "जा बाळा, तिकडे जाऊन ये." आणि तो गेला.

दोन मिनिटं झाली, चार झाली. त्याला शी लागली होती, तेव्हा वेळ लागणार हे कळत होतं. सहा-सात मिनिटं झाली तरी तो येईना. मुलगी रडायला लागली, तिकडे कंडक्टर प्रवाशांना हाका मारायला लागला. त्या वेळात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते इथे लिहीत नाही, तुम्हाला ते सांगावं लागणार नाही. शेवटी बाहेर टेबलाशी पैसे घ्यायला बसलेल्या माणसाला म्हटलं, "दादा, माझा मुलगा आत आहे, जरा बघता का?" ते लगेच उठले. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. आतून त्यांचा आवाज आला, "बाळा, घाबरू नको. आधी दार तुझ्याकडं ओढ. घट्ट ओढ. आता कडी सरकव." दोनदा सांगावं लागलं, मग कडी सुटल्याचा आवाज झाला.

लेक बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर कडीचा लाल वळ उठला होता. कडी गंजलेली होती. आत शिरताना त्याने जोर लावून ती लावली, पण दार चौकटीत बसल्यावर ती मागे येईना. मी विचारलं, "हाक का नाही मारलीस रे?" तर म्हणाला, "तूच सांगितलंयस ना, संडासातून ओरडायचं नसतं." खरंच सांगितलं होतं. घरी तो आतून "आई, झालं" म्हणून ओरडायचा, पाहुणे असले की मला बरं वाटायचं नाही, म्हणून.

मी सात मिनिटं परक्या माणसांना घाबरत होते आणि तो एका गंजक्या कडीला. त्याला सोडवलं तेही एका परक्या माणसानेच. तेव्हापासून मी हे सगळं निराळ्या क्रमाने शिकवायला लागले.

पहिलं म्हणजे कडी. आपल्या घरात एकाच प्रकारची कडी असते, बाहेर निदान तीन तऱ्हा भेटतात: सरकवायची कडी, अडकवायचा हूक आणि मॉलमधली गोल फिरवायची. मी त्याला प्रत्येक ठिकाणी आपण बाहेर उभं राहून पाच-पाच वेळा लावायला-उघडायला लावली. दार आपल्याकडे ओढून मग कडी सरकवायची, ही त्या दादांची युक्ती तर पाठच करून घेतली. लांब पल्ल्याच्या रेल्वेचा इथे फार उपयोग होतो. डब्यातलं शौचालय बायकांचं-पुरुषांचं असं वेगळं नसतं, त्यामुळे आई अगदी दाराशी उभी राहू शकते. सुरुवातीला त्याला सांगा, "कडी लावू नकोस, दार मी धरते." पुढच्या वेळी कडी लावू दे. गाडी हलत असताना त्याला तिथे एकट्याने जमलं तर स्टँडवर जमणारच.

दुसरी गोष्ट कपड्यांची. सहा-सात वर्षांच्या मुलाला नाडीची गाठ आणि घट्ट बटण घाईच्या वेळी सुटत नाही. मग तो पँट धरून उभा राहतो आणि कुणीतरी म्हणतं, "थांब, मी सोडून देतो." बहुतेक माणसं चांगल्या मनानेच म्हणतात. पण ती वेळच येऊ नये. प्रवासात इलॅस्टिकची पँट. आणि स्वतःचं स्वतः नीट धुता येणं, नळाशी पाण्याचा मग्गा नसेल तर जेटने, जेट नसेल तर आपण दिलेल्या बाटलीतल्या पाण्याने. हे येत नसेल तर आठ काय, नऊ वर्षांचा असला तरी तो एकट्याने जायला तयार नाही असं मी म्हणेन.

तिसरी गोष्ट मला फार उशिरा सुचली. पुरुषांची बाजू आतून कशी असते हे आपण आयांनी कधी पाहिलेलंच नसतं. मुतारीत उभं कुठे राहायचं, दोघांमध्ये आडोसा असतो की नसतो, छोट्या मुलाचा हात-पाय पोचतो का, मला काहीच ठाऊक नव्हतं आणि मी त्याला खुशाल "जाऊन ये" म्हणत होते. माझ्या भावाने एका रविवारी त्याला स्टँडवर नेलं आणि सगळं दाखवलं. उंच मुतारीपाशी पोचत नसेल तर सरळ दाराच्या शौचालयात जायचं. रिकामी जागा असेल तर कडेची घ्यायची. पँट पुढून हवी तेवढीच खाली करायची, घरच्यासारखी घोट्यापर्यंत नाही. दुसऱ्याकडे बघत बसायचं नाही, कुणी आपल्याकडे बघत बसलं तर बाहेर यायचं. हे एखाद्या मामाने, काकाने, आजोबाने एकदा दाखवलं की मुलाची निम्मी भीती जाते. माणूस मात्र तुमच्या पूर्ण विश्वासातला आणि मुलाला स्वतःला आवडणारा हवा.

आता ज्या भीतीमुळे तुम्ही प्रश्न विचारलाय तिच्याकडे येते. ती भीती खोटी नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२ हजारांहून जास्त मुलांशी बोलून एक अहवाल काढला होता. त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचं सांगितलं, आणि त्यांत मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्तच निघालं. म्हणून "मुलगाच तर आहे, त्याला काय होतंय" हे वाक्य मला सहन होत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा २०१२चा पोक्सो कायदाही १८ वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही सारखाच लागू आहे. पण त्याच अहवालात हेही आहे की त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. तेव्हा सगळं लक्ष स्टँडवरच्या अनोळखी माणसावर ठेवून चालत नाही. मुलाला जे शिकवायचं ते घरात, सोसायटीत, शिकवणीलाही उपयोगी पडेल असं हवं.

आमच्याकडे ते मोजक्या वाक्यांत ठरलं आहे. तुझ्या चड्डीच्या आतल्या भागाला कुणी हात लावायचा नाही, कुणी मदत म्हणून विचारलं तरी "नको" म्हणायचं. कुणी त्याचं अंग दाखवलं तर शू अर्धी राहिली तरी चालेल, बाहेर यायचं. कुणी "आईला सांगू नकोस" म्हटलं की तेच आधी आईला सांगायचं. आणि ओरडायला पूर्ण परवानगी आहे. संडासातूनही.

हे सांगताना मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. पेपरातली एक बातमी वाचून मी इतकी हादरले की तशीच्या तशी त्याला सांगितली, तीही दोन-तीनदा. तेव्हा तो सात वर्षांचा होता. पुढच्या वेळी कराडला जाताना निघण्याआधी विचारलं तर म्हणाला, नाही आली. वाटेत गाडी थांबली तेव्हाही नाही म्हणाला. खंबाटकी घाट चढताना माझ्या मांडीला ओलं लागलं. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता, रडत नव्हता, बोलत नव्हता. मी त्याच्या अंगावर ओढणी टाकली आणि सातारा येईपर्यंत त्याचा हात धरून बसले. रात्री झोपताना म्हणाला, "आत वाईट माणसं असतात ना." माझ्या भीतीमुळे त्याने तीन तास लघवी धरून ठेवली होती. लघवी अशी वारंवार रोखून धरली की मुलांना लघवीचा संसर्ग होऊ शकतो. मुलींना तर पटकन होतो. डॉक्टर हे सांगून थकतात. त्यानंतर मी बातम्या सांगणं बंद केलं आणि नुसतं काय करायचं तेवढंच सांगायला लागले.

तो आत असताना तुम्ही काय करायचं तेही लिहिते. आधी बघून घ्या की बाहेर पडायला दुसरं दार नाही ना. मग दारातच उभं राहा, फोन पर्समध्ये ठेवा आणि खणखणीत आवाजात म्हणा, "मी इथेच आहे रे, झालं की हाक मार." हे त्याच्यासाठी असतं आणि आत जे कुणी असतील त्यांच्यासाठीही. मधून एकदा हाक मारा. उत्तर आलं नाही तर सरळ आत जा. बाईमाणसाने तिकडे कसं जायचं, हा विचार त्या क्षणी करायचा नाही. मी एकदा गेले आहे, "आत येतेय हो" असं मोठ्याने म्हणत. लेक बेसिनपाशी साबणाचा फेस करत बसला होता, पाण्याच्या आवाजात त्याला हाक ऐकू गेली नव्हती. तिथल्या दोघा माणसांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही.

जागेचं म्हणाल तर मॉल, विमानतळ, बरी हॉटेलं इथे सात वर्षांचा मुलगा जाऊ शकतो, वर्दळ असते, साफसफाई करणारे असतात. दिव्यांगांसाठीची एकच खोली असते ती रिकामी असेल तर विचारून वापरायला मला गैर वाटत नाही, फक्त पटकन बाहेर यायचं. एसटी स्टँडवर दिवसा, टेबलाशी माणूस असेल तर. रात्री, सामसूम, दिवा नसलेली जागा असेल तर दहा वर्षांच्या मुलालाही मी एकट्याला पाठवणार नाही. तेव्हा त्याला बायकांच्या बाजूला न्या आणि बोलणारीला शांतपणे सांगा, "ताई, तिकडे अंधार आहे." मला तरी त्यावर कुणी उलट बोललेलं नाही.

त्या बायकांवर माझा राग नाही, हेही सांगते. माझी भाची अकरा वर्षांची आहे. आत नऊ-दहा वर्षांचा मुलगा उभा असला की ती अवघडते, लघवी तशीच रोखून धरते. तिचाही हक्क आहेच. आणि माझ्या नवऱ्याची अडचण नेमकी उलटी. धाकटी चार वर्षांची असताना तो तिला घेऊन गेला की पुरुषांच्या बाजूला तिचे डोळे आपल्या हाताने झाकून न्यायचा. नंतर तो बायकांच्या बाजूच्या मावशींना विनंती करून तिला पाठवायला लागला आणि बाहेरून तिच्याशी मोठ्याने बोलत राहायचा. मुंबईत बायकांसाठी मोफत आणि स्वच्छ मुताऱ्या मिळाव्यात म्हणून २०११ पासून राइट टू पी ही चळवळ चालली आहे. त्याच्या जोडीने आई-मुलगा, बाप-लेक एकत्र जाऊ शकतील अशी निदान एक खोली प्रत्येक स्टँडवर असावी असं मला मनापासून वाटतं. ती असती तर तुम्हाला हा प्रश्नच पडला नसता.

एक नंबर मुलाला पाठ करून द्या, १०९८. मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, फुकट, चोवीस तास. तुमचा स्वतःचा नंबरही त्याला तोंडपाठ हवा, फोनमध्ये असून उपयोग नाही.

तुमच्या हातात मेपर्यंत वेळ आहे. मुलाचे मामा किंवा काका असतील तर येत्या रविवारी त्यांच्याबरोबर त्याला तुमच्या गावच्या स्टँडवर पाठवा, आतलं सगळं दाखवून आणू दे. पुढच्या रविवारी तुम्ही दोघंच जा, तुम्ही दारात उभ्या राहा, पैसे त्याला स्वतःला देऊ द्या. बाहेर आला की "कुणी काही केलं नाही ना?" असं लगेच विचारू नका. "कडी कशी होती रे?" असं विचारा, बाकीचं तो आपणहून सांगतो. प्रवासाच्या दिवशी पिशवीत वरच्या वर एक जादा पँट, पाण्याची वेगळी बाटली आणि कागदी साबण ठेवा. आणि त्या दिवशी जीन्स घालायचा हट्ट धरला तरी ऐकू नका.