नस्तीबद्ध करण्याआधी चार ओळी

प्रश्न (पत्र थोडक्यात) : मी नाशिकरोडला राहते. तुरुंगातल्या बंद्यांच्या तक्रारी जिथे येतात अशा एका राज्यस्तरीय कार्यालयात प्रतिनियुक्तीवर लिपिक आहे. रोज पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन येते. आमच्या गल्लीतल्या मावशींचा मुलगा कच्चा कैदी म्हणून एका कारागृहात आहे. आतल्या कर्मचाऱ्यांनी मारल्याची त्याची तक्रार नेमकी माझ्याच टेबलावर आली. कारागृहाचा अहवाल आला : ‘चौकशीअंती तथ्य आढळून आले नाही.’ साहेब तोंडी म्हणाले, नस्तीबद्ध करा, म्हणजे फाइल बंद करा. पण अहवालाला जोडलेल्या कागदांत तुरुंगाच्या दवाखान्याची नोंद आहे आणि तीत त्याच तारखेला उजव्या मनगटाला सूज असल्याचं लिहिलंय. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढलाय. मावशी रोज विचारतात. गाडीतली मैत्रीण म्हणते, पेपरात दे. ऑफिसातला सहकारी म्हणतो, ऑफिशियल सीक्रेट्समध्ये आत जाशील. गप्प बसले तर मीही दोषी ठरेन का?

उत्तर : ताई, आधी फोटोचं बोलू, कारण तुमची झोप त्यानेच उडवलेली दिसते. तो कुणालाही पाठवू नका. मावशींना नाही, पेपरवाल्यांना नाही, मलाही नाही. तुमच्या सहकाऱ्याने दाखवलेली भीती थोडी फुगवलेली आहे. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याची भाषा ऐसपैस आहे खरी, पण दवाखान्याच्या एका नोंदीसाठी लिपिकावर त्याखाली खटला भरला जाईल असं मला वाटत नाही. खरा धोका जवळचा आणि साधा आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे कार्यालयातला कागद अधिकार नसलेल्या माणसाच्या हाती देता येत नाही. त्यावरून विभागीय चौकशी लागते आणि मग ठपका, वेतनवाढ रोखणे इथपासून पुढे काहीही होऊ शकतं. जागल्यांना (व्हिसलब्लोअरना) संरक्षण देणारा कायदा आहे ना, असं कुणी सांगितलं तर विसंबू नका. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मे २०१४ मध्ये मिळाली, पण तो लागू करणारी अधिसूचना काही निघाली नाही. पुस्तकात छत्री आहे, पावसात नाही.

आणि खरं तर तुम्हाला तो कागद बाहेर न्यायची गरजच नाही. तो नस्तीत आहे. तिथल्या तिथे त्याच्याकडे बोट दाखवायचं, एवढंच काम आहे.

सरकारी नस्तीला दोन बाजू असतात हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे सोनाराला कान टोचायला शिकवणं. पण वाचकांसाठी सांगते. एका बाजूला आलेली-गेलेली पत्रं, म्हणजे पत्रव्यवहार विभाग (प.वि.), दुसऱ्या बाजूला टिपणी, म्हणजे प्रकरणावर ऑफिसातल्या माणसांनी लिहिलेलं मत. माझी अर्धी वकिली सरकारी खात्यांशी भांडण्यात गेली. कोर्टात नस्ती मागवली की मी पत्रव्यवहाराकडे नंतर बघते, टिपणीची बाजू आधी उघडते. कुणाला काय माहीत होतं आणि कधी माहीत होतं, ते तिथेच सापडतं. माहितीच्या अधिकारातही टिपणी मागता येते. म्हणून उद्या ऑफिसात गेल्यावर एवढंच लिहा :

‘प्रस्तुत प्रकरणी अधीक्षकांचा अहवाल पृ. ३१/प.वि. वर आहे. त्यात बंद्यास कोणतीही इजा नसल्याचे नमूद आहे. तथापि, सोबतच्या पृ. ३४/प.वि. वरील कारागृह रुग्णालयाच्या नोंदीत त्याच दिनांकास उजव्या मनगटास सूज असल्याचे दिसते. सबब, प्रकरण नस्तीबद्ध करण्यापूर्वी या विसंगतीबाबत खुलासा मागवावा व तक्रारदाराचे म्हणणे घ्यावे किंवा कसे, याबाबत आदेशार्थ सादर. तक्रारदाराच्या आई माझ्या परिचित असल्याने पुढील कार्यवाही अन्य सहकाऱ्याकडे सोपवावी, ही विनंती.’

पान क्रमांक तुमच्या नस्तीतले घाला. ‘मारहाण झाली’ असं लिहू नका, ते तुम्ही पाहिलेलं नाही. ‘अधीक्षक खोटं बोलतात’ असंही नाही. ‘विसंगती’ हा शब्द पुरे, त्याच्यापुढे पांघरूण घालणं कुणालाही अवघड जातं. नस्ती ई-ऑफिसवर (संगणकावरच्या नस्तीप्रणालीवर) असेल तर पिवळी टिपणी हा नुसता मसुदा असतो, ती कायम (कन्फर्म) केली की हिरवी होते आणि हिरवी टिपणी वर पाठवल्यावर ती कुणालाच खोडता येत नाही. कागदी असेल तर सहीखाली तारीख टाकायला विसरू नका आणि पानांवर क्रमांक पडलेत का ते आधी बघा. क्रमांक नसलेलं पान गळायला वेळ लागत नाही.

शेवटची ओळ टाळावीशी वाटेल. टाळू नका. मावशी शेजारच्या आहेत हे उद्या दुसऱ्या कुणी सांगितलं, तर तुमची खरी टिपणीसुद्धा शेजारधर्म ठरेल.

साहेबांचा हेतू वाईटच असेल असं मी धरून चालत नाही. अहवालाचं पहिलं पान वाचून जोडपत्रं न उलटण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. टिपणी गेल्यावर त्यांनी लेखी खुलासा मागवला तर प्रश्न मिटला. ‘तरीही नस्तीबद्ध करा’ असं त्यांनी स्वतः लिहिलं तर जबाबदारी त्यांची. मात्र ते तोंडी म्हणाले की ती ओळ काढा, तर नम्रपणे म्हणा, साहेब, तेवढं लेखी द्या. वरिष्ठांचे आदेश शक्यतो लेखी असावेत आणि तोंडी दिले तर लगेच लेखी कायम करावेत, हे त्याच वर्तणूक नियमांत आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न : गप्प राहिले तर दोषी का? निव्वळ गप्प राहणं हा फौजदारी गुन्हा झाला असं मी म्हणणार नाही. पण ‘सोबतच्या कागदपत्रांतही इजा दिसून येत नाही’ असं वाक्य तुमच्याकडून लिहून घेतलं गेलं, तर गोष्ट बदलते. कुणाला शिक्षेपासून वाचवण्यासाठी लोकसेवकाने जाणूनबुजून चुकीचा अभिलेख तयार करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २५६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. जुन्या दंड संहितेत हेच कलम २१८ होतं.

तुमच्या पत्रातली एक ओळ मला अडखळवून गेली. चौकशीसाठी येणारे अधिकारीही ‘इकडचेच, दोन-तीन वर्षांनी परत जाणारे’ असतात, असं तुम्ही लिहिलंय. हे फक्त तुमच्याकडे नाही. मानवी हक्क संरक्षण कायदा, १९९३ चं कलम २७ काढून बघा. राज्य मानवी हक्क आयोगाला सचिव राज्य सरकारने द्यायचा आणि तपासाला पोलीस कर्मचारीही राज्य सरकारनेच द्यायचे. ज्या घराची झडती घ्यायची त्याच घरातून माणसं उसनी आणायची, अशी ही रचना. प्रतिनियुक्ती संपल्यावर आपण कुणाच्या हाताखाली जाणार, हे डोक्यात ठेवून माणूस लिहितो. तुम्ही तसं न लिहिता मला पत्र लिहिलंत, हे मला थोडकं वाटत नाही.

आता मावशी. त्यांना नस्तीत काय आहे ते सांगू नका. ‘मी त्या कामातून बाजूला झालेय, तुम्ही लेखी अर्ज करून विचारा’ इतकं सांगा. त्यांना ते रुक्ष वाटेल. चहा द्या आणि तेच पुन्हा सांगा.

कारण मावशींना तुमच्या फोटोची गरज नाही. तुम्हीच लिहिलंय की मुलाखतीत मुलाने काचेपलीकडून फोनचा रिसिव्हर डाव्या हातात धरला होता आणि उजवा हात मांडीवरून वर घेतलाच नाही. हा पुरावा मावशींचा स्वतःचा आहे, कुणाच्या नस्तीतला नाही. मुलाखतीची तारीख तुरुंगात नोंदलेली असते. त्यांनी आज घरी बसून हे सगळं एका कागदावर उतरवावं : कोणता दिवस, किती वाजता, मुलगा काय म्हणाला. आठवण शिळी व्हायच्या आत.

तो कागद घेऊन त्यांनी जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२ तसं सांगतं. मुलाचा खटला दुसऱ्या जिल्ह्यात असला तरी वाट इथून दाखवतात. १५१०० ही हेल्पलाइनही आहे. वकिलाने मुलाचा खटला जिथे चालू आहे त्याच न्यायालयात अर्ज द्यावा : वैद्यकीय नोंदी मागवाव्यात, मुलाची बाहेरच्या सरकारी रुग्णालयात तपासणी व्हावी, आणि त्या दिवसाचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवायचा आदेश व्हावा. फुटेज आपोआप पुसलं जातं, म्हणून हा अर्ज सगळ्यांत आधी. कच्चा कैदी न्यायालयाच्या कोठडीत असतो, तुरुंग त्याला फक्त सांभाळतो. म्हणून माझ्या मते हा दरवाजा तुमच्या कार्यालयापेक्षाही लवकर उघडतो. तुमच्या कागदाचं जे व्हायचं ते होईल, न्यायालयाने नोंदी मागवल्या की तीच नोंद राजरोस समोर येईल.

मावशींना कुणीतरी पोलीस तक्रार प्राधिकरणाचा पत्ता दिलाय म्हणे. तिकडे चपला झिजवू नका. ते प्राधिकरण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालचं, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे. तुरुंगातला शिपाईही खाकीच घालतो, पण तो कारागृह विभागाचा.

मुलाला आत त्रास होईल ही त्यांची भीती मात्र खरी आहे, ती झटकू नका. सुनील बत्राचं दुसरं प्रकरण आतल्या अशाच त्रासाचं होतं. तिहार तुरुंगातल्या बत्रा या बंद्याने दुसऱ्या बंद्यावरच्या अत्याचाराबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. डिसेंबर १९७९ च्या त्या निकालात तुरुंगात तक्रारपेट्या ठेवाव्यात, त्या जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीशांच्या आदेशाने उघडाव्यात, असं सांगितलं. शिवाय एकांत कोठडी किंवा शिक्षा म्हणून दुसऱ्या तुरुंगात बदली सत्र न्यायाधीशांनी तपासल्याशिवाय करू नये, आणि तातडीने करावीच लागली तर दोन दिवसांत त्यांना कळवावं, असंही. मुलाची अचानक बदली झाली तर वकिलाने हाच निकाल पुढे ठेवावा.

फोटो पुसायचा का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणार. टिपणी वर जाऊन तिच्यावर कुणाची तरी सही होईपर्यंत थांबा. आज पुसलात आणि उद्या पृ. ३४ च नस्तीत नसलं, तर? सही झाल्यावर एखाद्या वकिलाला प्रत्यक्ष भेटून ठरवा. आणि पंचवटीच्या बोगीत या प्रकरणावर एक शब्द नको. त्या डब्यात निम्मं मंत्रालय बसलेलं असतं.