दिवसभर हलत नाही, रात्री थांबत नाही: झाडावरच्या सापांविषयी वाचकांचे प्रश्न

झाडावर राहणारे साप पाळणाऱ्यांच्या पत्रांत दोन तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. साप हलतच नाही, किंवा साप चावतो. दोन्हींचं उत्तर शोधताना मी आधी एकच गोष्ट विचारते: हा साप रानात पोट कसं भरतो?

माझा ग्रीन ट्री पायथन चार वर्षांचा नर आहे. दिवसभर एकाच फांदीवर वेटोळं घालून बसायचा. गेले दोन आठवडे मात्र रात्रभर पेटीत फेऱ्या मारतोय आणि उंदरालाही तोंड लावत नाही. आधी आजारी होता की आता आहे? (लंडन)

आधी तर नक्कीच नव्हता. न्यू गिनी, आसपासची इंडोनेशियाची बेटं आणि ऑस्ट्रेलियाचं केप यॉर्क द्वीपकल्प हे या अजगराचं घर. मोठा झालेला अजगर दिवसा फांदीवर वेटोळी टाकतो, त्यांच्या मधोमध डोकं ठेवतो आणि हिरव्या पानांत दिसेनासा होतो. अंधार पडला की खालच्या फांदीवर येऊन डोकं खाली सोडतो आणि उंदीर जवळून जायची वाट बघत राहतो. त्याची शिकार म्हणजे हीच वाट बघणं. त्याला सुस्त म्हणू नका.

पिल्लांचं मात्र वेगळं असतं. ती पिवळी किंवा विटकरी असतात आणि दिवसा, रानातल्या उजेडाच्या मोकळ्या जागांमध्ये, बारके सरडे आणि किडे पकडतात. लांबी ५५ सेंटिमीटरच्या आसपास गेली की अंग हिरवं होतं, आणि मग दाट झाडीतलं रात्रीचं जगणं सुरू होतं. त्यामुळे 'लहानपणी किती चपळ होता' म्हणून कुणी काळजी करत असेल तर ती सोडून द्यावी.

आता फेऱ्यांविषयी. आधी तापमान बघा, आणि तेही पेटीच्या भिंतीवर नाही, तो बसतो त्या फांदीच्या उंचीवर. उबेच्या जागी ३० ते ३१ अंश सेल्सिअस आणि बाकी पेटीत २४ ते २७ पुरे. सगळीकडेच उकडत असेल तर साप गारव्याच्या शोधात फिरत राहतो. फांद्या आडव्या आणि त्याच्या अंगाच्या जाडीच्या आहेत ना, तेही तपासा. नीट टेकता येत नसेल तरी तो जागा बदलत राहतो. हे सगळं ठीक असेल, तर वयात आलेला नर थंडीच्या दिवसांत खाणं सोडून रात्री फिरतो तो मादीच्या शोधात. अशा वेळी त्याला उपचार लागत नाहीत. पाणी ताजं ठेवा, दर पंधरवड्याला वजन लिहून ठेवा आणि खायचा आग्रह करू नका. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकातोंडाशी बुडबुडे, डोकं सतत वर धरणं यांपैकी काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे जा.

पेटी साफ करताना त्याला फांदीवरून ओढून काढू नका. शेपटीची पकड घट्ट असते आणि ओढाताणीत मणक्यांना इजा होते. पिल्लांत तर फार सहज. फांदीच सुटी होईल अशी बसवा आणि सापासकट उचला.

अ‍ॅमेझॉन ट्री बोआ घेतला. दुकानदार म्हणाला, रोज हाताळा म्हणजे माणसाळेल. चार महिने रोज हाताळतेय, रोज चावतो. माझं काय चुकतंय? (टोरांटो)

रोजचं हाताळणं आजपासून बंद करा, ताई. तुम्हाला दिलेला सल्लाच चुकीचा होता. या बोआच्या ओठांवरच्या खवल्यांमध्ये उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. रात्रीच्या अंधारात त्याच्या तोंडासमोर आलेला तुमचा गरम हात त्याला भक्ष्य वाटतो, नाहीतर शत्रू. ग्रेनाडा बेटावरच्या त्याच्या जवळच्या भावंड-जातीची पिल्लं रात्री फांद्यांमधून हिंडत झोपलेले सरडे शोधतात, मोठे साप उंदरांसाठी दबा धरतात. हे साप रात्री पूर्ण जागे असतात आणि झडप घालायच्या तयारीत असतात.

कामं दिवसा करा. आधी लांब हुकाने अंगाच्या मध्यावर हलकेच स्पर्श करा, म्हणजे हे खाणं नाही हे त्याला कळतं. मान मागे घेऊन झटकन चावून सोडतो तेव्हा तो घाबरलेला असतो. चावून धरून ठेवतो, विळखा घालतो तेव्हा तो भुकेचा हल्ला. घाबरून चावला तर मागे सरा आणि पेटीत लपायला पानं वाढवा, भुकेने चावला तर खाऊ घालायची पद्धत बदला: लांब चिमट्यानेच द्या. या जातीत शांत साप जन्मतात, पण सरावाने प्रत्येक साप शांत होईल याची खात्री नाही. माझं मत विचाराल तर हा बघण्याचा साप आहे. रात्री मंद टॉर्च लावा, त्याचे डोळे कसे चमकतात ते बघा.

मुलगी दहा वर्षांची आहे. दिवसा हिंडताना दिसेल असा झाडावरचा गरीब साप हवा. (न्यू जर्सी)

तुमच्याच देशात रफ ग्रीन स्नेक आहे. सडपातळ, बिनविषारी, दिवसा झुडपांत फिरून सुरवंट, नाकतोडे, कोळी खातो आणि सहसा चावत नाही. पण चावत नाही म्हणजे हात लावलेला त्याला चालतो असं नाही. हाताळल्यावर तो घाबरतो आणि खाणं सोडतो. मुलीला बघत बसायला आवडत असेल, तर भरपूर पानांची पेटी आणि रोज पाण्याचा फवारा एवढी तयारी ठेवा. पानांवरचे थेंब तो पितो. हातात घ्यायची हौस असेल, तर कॉर्न स्नेक बरा. तो पूर्ण झाडावरचा नाही, तरी चढतो छान. साप पिंजऱ्यात जन्मलेलाच घ्या आणि राज्याचा परवाना आधी तपासा.

परसात रोज एक हरणटोळ दिसतो. अगदी शांत आहे, जवळ गेलं तरी पळत नाही. पाळता येईल का? (कुडाळ)

नाही. आपल्याकडचे रानातले साप पकडून घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा ठरतो. तो पळत नाही कारण हिरव्या वेलीसारखं स्तब्ध राहणं हाच त्याचा बचाव आहे. जास्त जवळ गेलात तर तोंड उघडेल, अंग फुगवेल, खवल्यांमधली काळीपांढरी नक्षी दाखवेल. तो टाळूवर चावतो ही समजूत खोटी आहे. निमविषारी आहे, माणसाच्या जिवाला त्याचा धोका नाही. सरडे, पाली, बेडूक खातो. परसातच राहू द्या, दुरून रोज दिसेल.

एक विक्रेता 'फार्मवर जन्मलेला' ग्रीन ट्री पायथन देतोय, कागद नंतर देईन म्हणतो. घ्यावा का? (पुणे)

घेऊ नका. २०११ मध्ये लायन्स आणि नटूश या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इंडोनेशियातून फार्मचे म्हणून निर्यात होणाऱ्या या अजगरांपैकी सुमारे ८० टक्के रानातून पकडलेले असल्याचा अंदाज मांडला होता. असा साप जंत, जखमा आणि भीती घेऊन येतो, आणि लोक त्यालाच 'रागीट जात' म्हणतात. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे बिस्किटं आणि केकच्या पाकिटांत लपवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले होते. त्या प्रवासाने सापाची काय अवस्था होते ते वेगळं सांगायला नको.

सगळे अजगर साइटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्टांत येतात, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची मालकी, हस्तांतर आणि पैदास यांची नोंद आपल्या कायद्याने सक्तीची केली आहे. ती केंद्र सरकारच्या 'परिवेश' या पोर्टलवर होते. विक्रेत्याकडे त्याच सापाची नोंदणी आणि हस्तांतराचे कागद मागा, पैसे देण्याआधी.