सवयी वाईट दिवसाच्या मापाने लाव

अगं, आरए (रुमेटॉइड आर्थरायटिस, सांधे सुजवणारा संधिवात) असताना मुलांना चांगल्या सवयी कशा लावायच्या हे तुझं विचारणं वाचलं आणि माझीच ६ वर्षांपूर्वीची सकाळ डोळ्यासमोर आली. आरए, पोरं ४ आणि ७ वर्षांची, बरं वाटतं त्या आठवड्यात घरात मिलिटरी शिस्त आणि फ्लेअर आला, म्हणजे दुखणं उसळलं, की दोघं मोबाईल बघत बिस्किटं खातायत आणि आपण पलंगावरून बघतोय. मला आरए होऊन ११ वर्षं झाली, तर माझं काय चुकलं ते आधी सांगते.

मी सवयी चांगल्या दिवशी ठरवायचे. फ्रिजवर स्टारचा तक्ता, सहाला उठणं, ग्राउंडवर चक्कर, नाश्त्याला रोज नवीन काहीतरी. दहा दिवस झकास चाललं आणि मग माझे गुडघे सुजले, चार दिवस तक्त्यावर रिकामे चौकोन, आणि मोठा रडायला लागला की मला स्टार का नाही. त्याचं काय चुकलं होतं गं? तक्ता त्याच दिवशी फाडला. तेव्हापासून एकच बघते, ज्या दिवशी माझ्याने बाटलीचं झाकणपण उघडत नाही त्या दिवशी हे होईल का? होणार असेल तरच ठेवायचं.

आपली बोटं सकाळी तास-दीड तास आखडलेली असतात ना, मग शाळेची सगळी तयारी त्याच वेळेत कोंबायचीच कशाला. युनिफॉर्म, दप्तर, भाजी चिरणं सगळं आदल्या संध्याकाळी, बसून, मुलांना घेऊन. ओट्याखालचा सगळ्यात खालचा कप्पा मुलांचा केला, त्यात केळी, राजगिऱ्याचे लाडू, दुधातल्या दशम्या, आणि डबे हलक्या झाकणाचे कारण स्टीलचे मलाच उघडायचे नाहीत. शेजारी बुटक्या स्टुलावर नळाचं पाण्याचं पिंप. बिस्किटं घरात आणलीच नाहीत की भांडणच नाही (आजीच्या पिशवीतून येतात ती वेगळी, तिथे मी हरले).

दात घासणं सोडू नकोस. ७-८ वर्षांपर्यंत मुलांना स्वतःचं स्वतः नीट जमत नाही, धाकटीला तर मोठ्यांचा हात लागतोच. सकाळचं नवऱ्याकडे दे, रात्रीचं तू घे, तेव्हा हात मोकळे असतात. मी ब्रशच्या दांड्याला जुन्या मोज्याची पट्टी गुंडाळून रबरबँड लावायचे, जाड झालं की पकड येते. पेस्ट वाटाण्याएवढीच.

मोबाईल पूर्ण बंद वगैरे मनात आणू नकोस, टिकणार नाही. रोज एकच तास, तोही मी गरम पाण्यात हात बुडवून बसते तेव्हा. म्हणजे आजारी दिवशीही तोच तास, वाढवून नाही.

तुझी मेथोट्रेक्सेट (आरएची आठवड्याची गोळी) चालू असेल तर दुसऱ्या दिवशी मळमळ, थकवा असू शकतो. माझी शनिवारी रात्री असायची, म्हणून रविवारचं नाव पोरांनी लोळवार ठेवलं. त्या दिवशी खिचडी, पलंगावर पुस्तकं, संध्याकाळी बाबांबरोबर बाहेर. दिवसाला नाव मिळालं तशी त्यांची भीती गेली. गोळ्या मात्र उंच कपाटात कुलपात, आणि पाणी आणून दे इतपत ठीक पण आईला गोळी काढून दे हे काम मुलांना कधीच नाही. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे ती, रोज गेली तर जिवावर बेतू शकतं.

अजून एक, माझी धाकटी एकदा म्हणाली मी मांडीवर बसले म्हणून तुझे पाय सुजले का. वर्षभर मनात धरून बसली होती बिचारी. नाव घेऊन सांग, संधिवात आहे, तुझ्यामुळे नाही झाला, तुला लागणार नाही. आणि मोठा फार शहाण्यासारखा वागायला लागला, खेळायला जाऊ का म्हणून विचारायला लागला, तर त्याला ढकलून बाहेर पाठव.

तुझी गोळी कुठल्या वारी असते ते सांग, त्यावरून आठवडा कसा मांडायचा ते बघू.