'एपिस्टॅसिस'ला 'प्रभाविता' म्हणावे का?

प्रश्न: यीस्ट खारट द्रावणात कसे तग धरते, यावरच्या लेखाचा अनुवाद करतो आहे. त्यात 'एपिस्टॅसिस' आले आहे. 'प्रभाविता' चालेल का?

'प्रभाविता' नको. 'प्रभावी-अप्रभावी' ही जोडी शाळेपासून एकाच जनुकाच्या दोन रूपांसाठी रुळली आहे. वाटाण्याचा उंचपणा प्रभावी, बुटकेपणा अप्रभावी. एपिस्टॅसिसमध्ये मुळात जनुकेच दोन असतात आणि एकातल्या उत्परिवर्तनामुळे, म्हणजे जनुकात झालेल्या बदलामुळे, दुसऱ्यातल्या उत्परिवर्तनाचा परिणाम पालटतो. शिवाय प्रयोगशाळेत यीस्टच्या ज्या पेशी वापरतात त्यांत बहुधा प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते. तिथे प्रभावितेचा प्रश्नच उद्भवत नाही.

आनुवंशिकीतज्ज्ञ विल्यम बेटसनने हा शब्द आणला तो एका जनुकाने दुसऱ्याचा परिणाम झाकण्यासाठी. त्या अर्थाला 'आच्छादन' मला चपखल वाटतो. यीस्टमध्ये त्याचे फार सुंदर उदाहरण आहे. बाहेर मीठ वाढले की पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते. तेव्हा एचओजी१ हे जनुक ज्याची कृती सांगते ते प्रथिन जागे होते, पेशी ग्लिसरॉल साठवते आणि पाणी धरून ठेवते. एरवी या यंत्रणेला आवरून धरते एसएलएन१ हे दुसरे जनुक. ते काढून टाकले तर यंत्रणा अखंड चालू राहते आणि पेशी मरते. पण सोबत एचओजी१ही काढले, तर पेशी जगते! मीठ मात्र सोसत नाही. म्हणजे फक्त एचओजी१ नसलेल्या पेशीसारखीच वागते. एसएलएन१चा अभाव पुरता झाकला गेला.

आता दुसरा प्रकार पाहा. मिठाची वर्दी एचओजी१पर्यंत दोन वाटांनी पोचते. एका वाटेवर एसएसके१ हे जनुक, दुसरीवर एसएचओ१. यांपैकी कोणतेही एकच निकामी केले तर पेशी बऱ्यापैकी तगते. दोन्ही गेली की मीठ झेपत नाही. इथे कोणी कोणाला झाकलेले नाही, फक्त दोन छोट्या उणिवांच्या बेरजेपेक्षा नुकसान कितीतरी मोठे आहे. बेरजेपासूनचा हा फरक संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशरने १९१८मध्ये गणिताच्या अंगाने मांडला, आणि आज 'एपिस्टॅसिस' बहुतेकदा याच व्यापक अर्थाने वापरतात. त्याला 'आच्छादन' म्हणणे चूक ठरेल; 'जनुकांची आंतरक्रिया' म्हणावे.

तेव्हा लेखातली दोन्ही जनुके बिघडलेली पेशी एकच जनुक बिघडलेल्या पेशींपैकी एकीसारखी दिसते का, ते आधी तपासा. दिसत असेल तर 'आच्छादन', नाहीतर 'आंतरक्रिया'. लेखात दोन्ही प्रकार असतील तर 'एपिस्टॅसिस' हाच शब्द ठेवून पहिल्या उल्लेखापाशी एका वाक्यात अर्थ द्यावा.