आकाशवाणीची सकाळची धून एका परदेशी माणसाने बांधली, हे खरं आहे का? कोण होता तो?

हो, खरं आहे. त्यांचं नाव वॉल्टर कॉफमन. या धुनीचं श्रेय आणखी एकदोघांना दिलेलं तुम्हाला वाचायला मिळेल, पण सर्वसाधारणपणे ती कॉफमन यांचीच मानली जाते. मी मालवणजवळच्या गावात मुलांना पेटी शिकवतो. या माणसाविषयी कोणी विचारलं की दोन ओळींत आटपणं मला जमत नाही.

आमच्याकडे बाबा पहाटे सहाच्या आधीच रेडिओ लावून ठेवायचे. कधी रत्नागिरी लागायचं, कधी पणजी. आधी नुसती खरखर, मग तंबोरा आणि त्या तंबोऱ्यातून वर येणारं व्हायोलिन. आई तेव्हा चुलीत फुंकणी घालत असायची. ही धून परक्या मुलखातल्या कोणी बांधली असेल, हे आमच्या मनातही आलं नाही.

कॉफमन यांचा जन्म १९०७ चा, कार्ल्सबाद या गावचा. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याला कार्लोव्ही व्हारी म्हणतात. ज्यू घरातला मुलगा, बर्लिन आणि प्रागमध्ये शिकलेला. डॉक्टरेट हाताशी आली होती, पण आपले प्राध्यापक तिथल्या नाझी युवक गटाचे म्होरके आहेत हे कळल्यावर त्यांनी ती पदवी घेतलीच नाही. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि १९३४ मध्ये कॉफमन मुंबईत उतरले. इथला व्हिसा चटकन मिळत होता, हे त्यामागचं एक कारण. पुढे १२ वर्षं ते इथेच राहिले.

मला सगळ्यात जास्त भिडते ती त्यांची सुरुवात. आपल्या संगीताच्या रेकॉर्डी त्यांनी पहिल्यांदा लावल्या तेव्हा त्यांना काही म्हणजे काही कळलं नाही. सगळं परकं वाटलं. पण त्यांनी विचार असा केला, की हेही बुद्धी आणि काळीज असलेल्या माणसांनीच निर्माण केलंय, लाखो लोक यावर प्रेम करतात, तेव्हा उणीव आपल्यातच असणार. मग ते पुन्हा पुन्हा ऐकत राहिले. युरोपातून शिकून आलेल्या, हातात पियानोचं कसब असलेल्या माणसाने असं म्हणणं सोपं नाही. मी स्वतः कितीतरी वर्षं रेडिओवर पाश्चात्त्य संगीत लागलं की खुंटी फिरवत होतो. कॉफमन यांच्याविषयी वाचल्यावर ते थांबवलं.

मुंबईत त्यांनी चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायचं पाश्चात्त्य संगीत, त्याची सोसायटी काढली. दर गुरुवारी वादन व्हायचं. स्वतः पियानोवर बसायचे, व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहतांचे वडील. धून साधारण १९३६ ची. १९३७ ते १९४६ ते मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचं काम बघत होते. नंतर इंग्लंड, तिथून कॅनडा. हॅलिफॅक्सला पियानो विभागाचे प्रमुख झाले, विनिपेगच्या वाद्यवृंदाचं दहा वर्षं संचालन केलं आणि शेवटी अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवत राहिले. १९८४ मध्ये ते तिथेच वारले. त्यांचं उत्तर भारतीय रागांवरचं जाडजूड पुस्तक १९६८ मध्ये आलं आणि दक्षिणेतल्या रागांवरचं १९७६ मध्ये. मुंबई सोडून तीस वर्षं झाली तरी आपला राग काही त्यांनी सोडला नव्हता.

एक गोष्ट पेटीवाला म्हणून सांगायलाच हवी. याच आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला बंदी केली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. पेटी परदेशी, तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही, असं कारण. आमच्याकडे भजनाची डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा सामना, पेटीशिवाय उभी राहत नाही, त्यामुळे ही गोष्ट मला आजही लागते.

धुनीचा आधार शिवरंजनी राग मानतात. पेटी असेल तर करून बघा. पांढरी एकचा सा धरा आणि भूप राग वाजवा: सा रे ग प ध. आता गंधार तेवढा कोमल करा, म्हणजे पांढरी तीन सोडून काळी दोन दाबा. एका पट्टीच्या फरकाने सगळा नूर पालटतो.

गेल्या आषाढात मी हेच वर्गात दाखवत होतो. दमट हवेने पट्ट्या फुगलेल्या, काळी दोन दाबली की वर येईना, बोटाने उचलावी लागत होती. मुलांना धून ओळखीची नव्हती, त्यांच्या घरात रेडिओच नाही. मी अडखळत चार सूर वाजवले. एका मुलीची आजी तिला न्यायला आली होती, पडवीत छत्री मिटत उभी होती. ती तशीच आत आली, ओल्या पायांनी, आणि नातीला म्हणाली, "अगो, ह्यां तर सकाळचां रेडिओवरचां!" मग खाली बसली आणि मला म्हणाली, "परत वाजवा बघू."