मिरी, मुरंबा आणि गोठा : रोन खोऱ्यातल्या लाल वाइनविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात फ्रान्समधल्या रोन खोऱ्याची ओळख करून दिल्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. थोडी उजळणी: व्हिएनपासून आविन्योंपर्यंत नदीकाठाने सुमारे २०० किलोमीटरचा हा पट्टा. उत्तर भागातल्या लाल वाइनमध्ये काळं द्राक्ष एकच, सिरा. दक्षिणेत ग्रनाश मुख्य, जोडीला सिरा, मूर्वेद्र आणि इतर अनेक.

आम्ही सहा जण घरी रोनच्या चार बाटल्या लेबल झाकून चाखणार आहोत. तयारी काय करावी?
— घोडबंदर रोड, ठाणे

सगळ्यात आधी तापमान. लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी असं जे म्हणतात, ते जुन्या युरोपातल्या थंड घरांचं तापमान, म्हणजे १६ ते १८ अंश. आपल्याकडे पंख्याखालची खोली ३० अंशांवर असते. त्या उष्म्यात आधी अल्कोहोल नाकात चढतं, बाकीचे वास त्याच्यामागे लपतात आणि चांगली वाइनही भडक वाटते. ३० अंशांवरची बाटली फ्रिजमध्ये साधारण दीड तास ठेवा. घाई असेल तर बर्फ आणि पाणी अर्धं-अर्धं भरलेल्या बादलीत दहा-बारा मिनिटं पुरतात. नुसत्या बर्फात ठेवू नका. पाण्याशिवाय थंडावा काचेला सगळीकडून भिडत नाही. स्वयंपाकघरातला साधा प्रोब थर्मामीटर असेल तर पहिल्या ग्लासात बुडवून खात्री करा.

बाटल्यांची निवड: एक कोत-द्यु-रोन, एक क्रोझ-एर्मिताज, एक जिगोंदास, एक कॉर्नास. म्हणजे पहिली आणि तिसरी दक्षिणेची, दुसरी आणि चौथी उत्तरेची. कॉर्नास शंभर टक्के सिराची आणि चारांत बहुधा सगळ्यात तुरट, म्हणून ती शेवटी. आधी तीच घेतली तर हिरड्या इतक्या आवळतात की पुढची कोत-द्यु-रोन पाणचट भासते. मात्र हा क्रम फक्त एकालाच माहीत असावा आणि त्याने गुण देऊ नयेत.

झाकण्यासाठी वर्तमानपत्र चालेल, पण गळ्यावरचं वेष्टन पूर्ण काढा आणि बुचं नजरेआड ठेवा. शातोनफ-द्यु-पाप ही दक्षिणेची वाइन ठेवणार असाल तर ती सरळ जगमध्ये ओता. तिच्या बहुतेक बाटल्यांच्या काचेवर पोपच्या चाव्यांचं उठावदार चिन्ह असतं, ते कागदावरूनही बोटांना कळतं.

प्रत्येकी ५० मिली पुरे. सहा जणांना ३०० मिली जातात, बाटलीत ४५० उरतात. ते दुसऱ्या फेरीसाठी, कारण सिरा अर्ध्या तासात बरीच बदलते. माप अंदाजाने घेऊ नका: एका ग्लासात मोजून ५० मिली पाणी घाला आणि ती उंची डोळ्यांत बसवा. ग्लास वर निमुळता होणारा हवा. स्टीलचा पेला किंवा सरबताचा सरळ ग्लास नको. धुताना लिंबाच्या वासाचा साबण टाळा, शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काचेला धरतं), आणि वाइन ओतण्याआधी रिकामा ग्लास हुंगा. दोन तास आधीपासून फोडणी, उदबत्ती, अत्तर बंद. थुंकायला प्रत्येकाजवळ अपारदर्शक मग द्या. चार वाइनच्या दोन फेऱ्या मिळून ४०० मिली होतात. त्या गिळल्या तर दुसऱ्या फेरीचे गुण कुणी धरू नयेत.

शातोनफ-द्यु-पाप इतकी महाग, तरी रंग फिका आणि कडेला विटकरी. फसवणूक झाली का? शिवाय घशात जळजळते.
— नेरूळ

रंगावरून दर्जा ठरवण्याची सवय सिरासारख्या गडद द्राक्षांनी लावली आहे. शातोनफमध्ये तेरा प्रकारची द्राक्षं चालतात, पण बहुतेक उत्पादक ग्रनाशवरच भर देतात. ग्रनाशच्या सालीत रंग मुळात कमी, आणि हवा लागली की तो लवकर विटकरीकडे झुकतो. त्यामुळे सहा-सात वर्षांच्या शातोनफची कड विटकरी दिसणं रीतसर आहे. दोन वर्षांची वाइन तपकिरी दिसली तर मात्र शंका घ्या.

जळजळ ही वेगळी गोष्ट. ग्रनाश उशिरा पिकतं, साखर भरपूर साठवतं, म्हणून १४.५ टक्के अल्कोहोल तिथे नेहमीचंच. तीच वाइन १६ अंशांवर आणून पुन्हा चाखा. जळजळ गेली तर दोष तुमच्या खोलीच्या उष्म्याचा. राहिली तर वाइनचा तोल बिघडलेला आहे, तोलाचे गुण कापा.

आंबटपणा, तुरटपणा आणि अल्कोहोल यांत गल्लत करू नका. आंबटपणाने कैरी खाल्ल्यासारखे दात आंबतात आणि जबड्याच्या कडेने लाळ सुटते. तुरटपणाने लाळ आटते. जांभूळ खाल्ल्यावर हिरड्या कोरड्या पडतात तसं. अल्कोहोल घशात आणि छातीत उष्ण लागतं. गुणपत्रिकेवर तिन्ही वेगळी लिहायला लागलात की अर्धं काम झालं.

सगळ्यांना सिरामध्ये काळी मिरी येते, मलाच येत नाही. नाक खराब आहे का?
— ऐरोली

नाही. मिरीचा हा वास रोटंडोन नावाच्या संयुगाचा. खुद्द काळ्या मिरीतही तेच असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली ते सिराच्या द्राक्षांत आणि वाइनमध्ये ओळखलं. त्यांच्या चाचणीत सुमारे पाचातल्या एकाला ते भरपूर प्रमाणातही जाणवलं नाही. तुम्ही त्या पाचव्यांपैकी असू शकाल. मग उत्तरेची सिरा दुसऱ्या खुणांनी ओळखा: जांभूळ-करवंदासारखं काळं फळ, ऑलिव्ह, धुरावर सुकवलेलं मांस, कधी जांभळ्या फुलांचा गोडसर वास. उत्तरेच्याच कोत-रोती या वाइनमध्ये व्हिओनिए हे पांढरं द्राक्ष २० टक्क्यांपर्यंत मिसळता येतं, त्यामुळे तिथे फुलं जास्त. ग्रनाश मात्र स्ट्रॉबेरी, डाळिंब आणि बडीशेपेकडे जातं.

एका बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, दुसरीला चक्क गोठ्याचा. दुकानात परत द्यायची का?
— नौपाडा, ठाणे

पहिली द्या, दुसरीचा विचार करा.

ओला पुठ्ठा, कुबट तळघर हा वास टीसीए (ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल) या संयुगाचा. बहुधा बुचातून येतो आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅमही पुरतात. त्याची खरी खूण अशी की हवा दिल्यावर तो जात नाही, उलट वाढतो, आणि फळाचा वास मेलेला असतो. पावसाळ्यात हा निवाडा अवघड होतो, कारण जुलैमध्ये ठाण्यातल्या लाकडी कपाटात उपडा ठेवलेला ग्लासही तसाच कुबट येतो. म्हणून तक्रार करण्याआधी गरम पाण्याने धुतलेल्या दुसऱ्या ग्लासात ओतून बघा.

गोठा, घोड्याचं खोगीर, जखमेवरची चिकटपट्टी हे वास ब्रेटानोमायसिस या यीस्टचे. दक्षिण रोनच्या जुन्या पद्धतीच्या तळघरांत तो पूर्वी सर्रास आढळायचा, आणि थोडा असेल तर काहींना तो आवडतोही. आमचं मत: फळ अजून शाबूत असेल तर तो स्वभाव, फक्त गोठाच उरला असेल तर दोष.

तिसरा वास तुम्ही विचारलेला नाही, पण सिरात नेहमी भेटतो: जळक्या काडीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा. टाकीत किंवा पिंपात प्राणवायू कमी पडल्याने गंधकाची संयुगं उरतात. जगमध्ये ओतून वीस-तीस मिनिटं ठेवा, बहुतेकदा जातो. नाही गेला तर चमचाभर वाइनमध्ये तांब्याची स्वच्छ तार ढवळून हुंगा. अंड्याचा वास विरला तर निदान पक्कं. तो चमचा पिऊ नका, आणि अख्खी बाटली तांब्याच्या भांड्यात तर मुळीच ओतू नका. आंबट द्रवात तांबं उतरतं.

चौथा दोष आपल्या हवामानाचा. बुच वर सरकलेलं, वेष्टनाखाली चिकट ओघळ, आणि चव ताज्या फळाऐवजी मुरंब्यासारखी शिजकट: बाटली कुठेतरी उन्हात तापली आहे. विकत घेतानाच बुचाची पातळी बोटाने चाचपा. घरी पोटमाळ्यावर किंवा ओट्याखाली साठवण्यापेक्षा फ्रिजचा खालचा कप्पा कितीतरी बरा.

गुण २० पैकी द्यावेत की १०० पैकी?
— खारघर

१०० च्या प्रचलित पद्धतीत मोजणी ५० पासून सुरू होते, त्यामुळे नवखे सगळ्यांना ८५ ते ९० देऊन मोकळे होतात. २० पैकीच बरे. आम्ही अशी वाटणी करतो: रंग आणि स्वच्छपणा २, वास ५, तोंडातली चव ६, तोल ४, शेवट ३. ‘शेवट’ म्हणजे थुंकल्यावर चव किती सेकंद टिकते; फ्रेंच त्या एका सेकंदाला कोदाली म्हणतात. पाचच्या आत संपली तर १, दहापर्यंत २, त्यापुढे ३. मात्र जळजळ किंवा कडवटपणा टिकला तर तो मोजू नका, फळाची चवच मोजा.

गुण लिहून होईपर्यंत कुणी बोलू नये. एकाने ‘चामडं’ म्हटलं की सगळ्यांना चामडं येऊ लागतं. आणि परीक्षकांचीही परीक्षा घ्या: तीन ग्लास भरा, दोनात एकच वाइन, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळा ओळखायला सांगा. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येतं, म्हणून प्रत्येकाला निदान पाच-सहा वेळा द्या. ज्याला हा फरकच कळत नाही, त्याच्या १६ आणि १७ मध्ये काय शोधायचं?

नाशिकची शिराझ आणि रोनची सिरा एकच का? सोबत खायला काय ठेवावं?
— सीबीडी बेलापूर

द्राक्ष एकच, हवा वेगळी. उत्तर रोनमधलं तँ-एर्मिताज हे गाव ४५ अंश उत्तर अक्षांशावर, तोडणी सप्टेंबरच्या आसपास. नाशिक २० अंशांवर, तोडणी जानेवारी ते मार्च. नाशिकची बाटली चारांत लपवून ठेवा, रंगत येते. गुण देताना फक्त बिनमिठाचा पाव आणि पाणी. चकली, फरसाण नको, मिरचीने अल्कोहोलची आग दुप्पट वाटते. पत्रिका गोळा झाल्या की मग उरलेल्या क्रोझबरोबर सुकं मटण आणा. तिखट बेताचं, काळी मिरी सढळ.